उलट फिरलेली फळी

पक्षी खाली पडला. खरं तर पडण्याचा प्रश्नच नव्हता, तो बसायला हवा होता. फरंगीसने लाल लाकडाचा तो पक्षी अलगद उचलला, पांढऱ्या फळीत त्याच्यासाठी कापलेल्या जागेवर ठेवला, वरून अंगठ्याने दाबायच्या बेतात होती, तेवढ्यात तो दाबाचीही वाट न बघता भोकातून आरपार गेला, तिच्या गुडघ्यावर आपटला आणि फरशीवर टक्‌ करून पडला. शेपटीचं टोक उडून कपाटाखाली गेलं. फरंगीस वाकली नाही. पांढरी फळी तशीच हातात धरून भोकाकडे बघत राहिली. भोकातून तिच्या ॲप्रनचा निळा रंग दिसत होता आणि ॲप्रनवरचा सरसाचा जुना डाग. लाकडात लाकूड बसवून चित्रं करण्याच्या एकतीस वर्षांत चोची तुटल्या होत्या, पंख फाटले होते, एकदा तर सरसाचं भांडं अख्ख्या चित्रावर उलटलं होतं. पण कापलेला तुकडा आपल्याच जागेत ढिला पडावा, हे म्हणजे स्वतःच्या घराचा जिना चुकण्यासारखं झालं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते. चार वाजता जुना सहकारी नेमत गाडी घेऊन मशीन न्यायला येणार होता.

करार तिनेच केला होता, कोणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. चारच्या आत एक पक्षी कापीन, तो केसाच्या परीक्षेला उतरला तर मशीन घरात राहील. नाही उतरला तर द्या नेमतला, मी हूं की चूं करणार नाही. केसाची परीक्षा म्हणजे ती जिथे काम शिकली त्या उस्तादांच्या कारखान्यातली जुनी रीत: तुकडा बसवला की डोक्यावरचा एक केस उपटायचा आणि त्याचं टोक सांध्यात घालून बघायचं. केस आत गेला तर काम नापास. नवऱ्याने, अर्देशीरने, ही अट ऐकून मान हलवली होती, पण ती कबुलीची होती की काळजीची, हे काही कळलं नाही. त्याला मशीन घरातून घालवायचंच होतं. आणि गंमत अशी, की ते मशीन त्यानेच बनवलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी, हातातली धनुकली-करवत ओढून ओढून तिचं मनगट सुजायला लागलं तेव्हा, गिरणीतल्या या फिटर माणसाने शिलाई मशीनची मोटर आणि भंगारातले दोन लोखंडी हात जोडून तिला विजेवर चालणारी करवत करून दिली होती. लग्नात सोन्याच्या बांगड्या दिल्या तेव्हा तो एवढा लाजला नव्हता. त्या मशीनने गेल्या शरदात, घराघरांत डाळिंबं सोलायला घेतात त्या दिवसांत, तिच्या बोटाचा घास घेतला. पातं तुटलं. आता पातं तुटणं हे काही नवल नाही. केसाएवढं बारीक पातं, दिवसाला तीन तुटतात. पण तुटलेलं वरचं टोक मोटर बंद होईपर्यंत वरखाली नाचत राहतं, आणि त्या दिवशी ते तिच्या उजव्या तर्जनीच्या पेरात नाचलं. ती घाईत नव्हती, चिडलेली नव्हती, कशाचा विचारही करत नव्हती. हाच तर तिला राग होता. निदान सांगायला काही कारण तरी हवं होतं ना! टाके निघाले, जखम भरली, पेराची जाणीव मात्र परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंचं काही सांगता येत नाही. चहाचा गरम पेला त्या बोटाला गरम लागत नव्हता, सुई टोचली तरी कळत नव्हतं. बोट होतं, पण घरी नव्हतं.

"फरंगीस-जान, चहा." दाराशी अर्देशीर. एका हातात ट्रे, त्यात दोन पेले आणि साखरेच्या पातळ केशरी चकत्यांची बशी. तिने झटकन पाय पुढे केला आणि पडलेला पक्षी चपलेखाली घेतला. या वयात! चोरी पकडली जाईल म्हणून पाय पुढे करणारी अठ्ठावन्न वर्षांची बाई. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण पाय काही हलला नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

"होतंय."

"मशीनचा आवाज थांबला म्हणून विचारलं."

"आवाज थांबला की काम संपतं होय? तुमची गिरणी नाही ही, भोंगा वाजला की सुटले."

"बरं बाई, बरं." तो ट्रे ठेवून तिथेच घुटमळला. "कोरड्या नदीत पाणी सोडलंय म्हणतात. खाजू पुलापर्यंत आलंय. अख्खं इस्फहान तिकडे लोटलंय, शेजारचा खोस्रो तर म्हातारीला खुर्चीसकट घेऊन गेला."

"मग जा की तुम्हीही."

"तुझ्याशिवाय?" मग मशीनकडे न बघता तो म्हणाला, "हे बघ, नाही जमलं तर नाही जमलं. घरात वस्तू फुटली की आई म्हणायची, बला होती, गेली. तुझं बोटच तर गेलं. जीव वाचला. बला होती, गेली. आता ते धूडही जाऊ दे."

तो गेल्यावर तिने एक चकती दाताखाली कडकन फोडली आणि चहाचा घोट घेतला. बला होती, गेली. या शहरात काहीही फुटो, पेला, बशी, गुडघा, की कुणीतरी हे म्हणणारच. बला तुमच्यावर यायची होती, ती पेल्यावर गेली, पेला फुटला, तुम्ही वाचलात, चला आता हसा. किती सोयीचं! फक्त एका जागी हे म्हणायला बंदी होती, आणि ती जागा म्हणजे उस्ताद सैफुल्लांचा कारखाना. आठ पुरुष आणि ती एकटी बाई, लांब बाकावर ओळीने बसलेले, मधे सरसाची शेगडी, त्या सरसाचा गुरांच्या कातड्यासारखा वास अजूनही तिच्या नाकात बसलेला होता. तिसऱ्याच आठवड्यात तिने तितराची चोच उडवली. शेजारी बसलेला नेमत, तेव्हा मिसरूडही न फुटलेला, मोठ्याने म्हणाला, "बला होती, गेली!" उस्तादांनी हातातली करवत खाली ठेवली. "बला? कुठून आली? मी दारासमोरच बसलोय, मला तर आत येताना कोणी दिसली नाही. हात होता तिथे. आणि हाताला मालक असतो. बोल गं मुली, कोणाचा हात?" तिचे कान तापले होते. आठ पुरुष बघत होते. "माझा." "आणि काय झालं?" "चुकले मी." "हं. आता चहा पी." एवढंच. मोठ्याने 'चुकले मी' म्हणायचं, सगळ्यांनी ऐकायचं, मग चहा, आणि मग उस्ताद शेजारी येऊन बसायचे. "चोच गेली ना? पक्ष्याला मान वळवायला लाव. पाठमोरा पक्षी कुणाला वाईट दिसतो?" कोणी बलेवर ढकललं की मात्र ते त्याच्याकडे दिवसभर बघायचे नाहीत. चूक जिची तिला ती दुरुस्त करता येते, असं त्यांचं गणित. बलेने केलेलं कोण दुरुस्त करणार?

आणि तरीही तिने पाय पुढे केला होता. उस्तादांच्या फळीतला पक्षी उस्तादांच्या शिष्येने चपलेखाली दडवला होता. कारण ती लाल फळी त्यांची होती, हेच तर सगळ्यात वाईट होतं. बिरजंदला त्यांच्या घराच्या अंगणात उन्नाबचं झाड होतं, बोरीचीच मोठी बहीण म्हणायची, आईने लावलेलं. झाड वठलं तेव्हा ते बसच्या टपावर खोड टाकून वाळवंट तुडवत घेऊन आले. त्यातून तीनच धड फळ्या निघाल्या, आत ओल्या विटेसारखा लाल रंग. मरणाच्या आधीच्या वर्षी, हात थरथरायला लागल्यावर, तिसरी त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. काय कर, काय करू नको, काहीतरी. ती फळी फरंगीसने जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवली आणि अकरा वर्षं कापली नाही. दर नौरोझला घर झाडायला काढलं की ती बाहेर यायची, पुसली जायची, परत आत जायची. आधी म्हणायची, मोठं काम आलं की कापीन. मोठी कामं आली आणि गेली. मग म्हणायची, हात आणखी बसला की. खरी गोष्ट एवढीच होती, की तिच्यावर चुकायची भीती वाटायची. बाकीची लाकडं बाजारात मिळतात, हिच्यावर चुकलं तर परत कुठली? म्हणजे हात चांगला होता ती अकरा वर्षं भीतीने घालवली, आणि बोट गेल्यावर बाईसाहेबांनी फळी बाहेर काढली. अर्देशीर म्हणाला होता, आधी प्लायवूडवर करून बघ. तिने ऐकलं नाही. प्लायवूडवर चुकली असती तर तिने स्वतःला माफ करून टाकलं असतं, आणि तेच तिला नको होतं. आता भोगा.

तिने चहा संपवला. पाय बाजूला घेतला. पक्षी उचलला. लाल, गुळगुळीत, शेपूट तुटकी. रिकाम्या खोलीत, घड्याळाकडे बघत, ती मोठ्याने म्हणाली, "चुकले मी." आवाज घोगरा निघाला. पुन्हा म्हणाली, "चुकले मी. हात माझाच होता." काय आश्चर्य, छातीवरचं काहीतरी उतरलं. रडू आलं थोडं, ते तिने येऊ दिलं. मग नाक पुसलं आणि उस्ताद शेजारी येऊन बसल्यासारखी, बाकावर थोडी सरकून बसली. बरं. काय चुकलं? कुठे चुकलं? रेघ तर सुटलेली नव्हती. पक्ष्याची कड बघितली, कागदावरच्या रेघेवरून सुरेख फिरलेली. बोटाला पात्याची ओढ कळत नव्हती म्हणून तिने कान लावून कापलं होतं. पातं सरळ चाललं की आवाज एकसारखा, वळणावर जोर पडला की किंचित चढतो, बोथट झालं की घरघरतो. हे सगळं आवाजात होतं आणि इतकी वर्षं बोटाच्या नादात तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. कापताना ती खूश होती. खूश! अर्धा तास ती बोटाशिवाय कापत होती आणि एकदाही भ्यायली नव्हती, हे आता आठवलं. मग ढिला का पडला?

तिने डोळे मिटले आणि हवेतच फळी धरली. जशी कापताना धरली होती तशी. लाल वर, नारिंगाच्या झाडाची पांढरी खाली, मधे कागद घालून दोन्ही एकमेकींना डकवलेल्या. दोन्ही एकदमच कापायच्या, म्हणजे एका काटणीत दोन पक्षी निघतात, लाल आणि पांढरा. मशीनचं मेज एका अंगाला जरासं कललेलं, म्हणून पातं लाकडातून तिरकं जातं, आणि वरचा लाल पक्षी खालच्या पांढऱ्या भोकापेक्षा केसभर मोठा निघतो. पात्याने खाल्लेली जागा त्या केसभराने भरून निघते. लाल पक्षी पांढऱ्या फळीत घट्ट बसतो, पांढरा पक्षी आणि लाल फळी उरतात, ती डब्यात. आधी हातकरवतीवर, मग मशीनवर, एकतीस वर्षं हेच. अट एकच, फळी उजवीकडे फिरवायची. उजवा हात पुढे, डावा मागे, फळी उजवीकडे. हवेतले तिचे हात फिरले, आणि ती थबकली. डावा हात पुढे होता. उजव्या बोटावर भरवसा नाही म्हणून सुरुवातीपासून डावा पुढे होता, आणि डावा हात, त्याला बिचाऱ्याला कोण शिकवायला गेलं होतं, फळी डावीकडे फिरवत गेला होता. पूर्ण पक्षीभर. चोचीपासून शेपटीपर्यंत उलटा. म्हणजे लाल पक्षी केसभर मोठा व्हायचा तो केसभर लहान झाला होता. म्हणून आरपार. कारखान्यातलं नवशिकं पोरही ही चूक करत नाही. तिला हसू फुटलं. बोट गेलं, त्याचं दुःख करत बसले, आणि फसवलं कोणी, तर धडधाकट हाताने!

हसता हसता तिने उरलेला पांढरा पक्षी उचलला, डब्यात टाकायला. सवयीने. डबा म्हणजे मिठाईचा जुना पत्र्याचा डबा, त्यात उरलेल्या तुकड्यांचे थर. पक्षी डाव्या हातात होता आणि डाव्या अंगठ्याला त्याच्या कडेचा उतार लागला. अंगठा कडेवरून एकदा फिरला, परत फिरला. उतार उलटा होता. अर्थात उलटाच असणार, फळी उलट फिरली होती. मग अंगठा एकदम थांबला. लाल पक्षी पांढऱ्या भोकाला लहान पडला, तर पांढरा पक्षी लाल भोकाला... पुढचं वाक्य तिने मनातसुद्धा पूर्ण केलं नाही, घाबरून. लाल फळी बाकावर पडली होती, वरती अजून नक्षीचा कागद, मधे पक्ष्याच्या आकाराचं रिकामं भोक. एकतीस वर्षं जी पहिली फेकली जाते ती. फरंगीसने ती उचलून उजेडाकडे धरली, पांढरा पक्षी खालून भोकाला लावला, चोच चोचीला, शेपूट शेपटीला, आणि डाव्या अंगठ्याने वर ढकलला. तो चढला, अर्ध्यावर अडला. तिने हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकलं, एकदा मानेखाली, एकदा पोटाखाली. पक्षी लाल लाकडातून वर आला आणि थांबला. वरच्या अंगाशी बरोबर एकसारखा. तिने बोट फिरवलं, ते बहिरं बोट. त्याला काही कळलं नाही. मग गाल टेकवला. गालाला पक्षी कुठे संपतो आणि फळी कुठे सुरू होते, ते कळलं नाही. तिने पाणी लावून कागद सोलला. ओल्या विटेच्या रंगाच्या त्या लाकडात, उस्तादांच्या आईच्या झाडात, पांढरा पक्षी मान उंचावून बसला होता. आधीच्या बेतात लाल फळीतला फक्त पक्षी वापरला गेला असता. आता अख्खी फळी राहिली होती, शिरा न् शिरा, कडेपासून कडेपर्यंत. अकरा वर्षं जिला कापायला भ्यायली, ती पूर्ण वाचली होती, आणि तिच्या चुकीने वाचली होती. फरंगीस उठून उभी राहिली. तिला काय करावं कळेना. तिने खोलीत एक फेरी मारली, मशीनला थोपटलं, गाढवाला थोपटावं तसं, आणि एवढ्या मोठ्याने "वाह रे डाव्या!" म्हणाली की बाहेर जिन्यावर पावलं वाजली.

अर्देशीर आला तो एकटा नाही, मागे नेमत. चारला अजून दहा मिनिटं होती, पण नेमत लहानपणापासून आगाऊच. आता त्याच्या मिशा पांढऱ्या, खांद्यावर दोरखंड, मशीन बांधायला आणलेलं.

"काय आबजी," ताईला हाक मारावी तसा तो दारातूनच ओरडला, "चोच उडवली की नाही आज? का यावेळी अख्खी मानच?"

"या, नेमत आगा. बसा. आधी केस द्या एक."

"माझा? मला आहेतच किती!"

"मिशीचा चालेल."

नेमतने दोरखंड खाली ठेवलं. चेहरा एकदम कारखान्यातला झाला. मिशीतला एक केस उपटला, डोळ्यांत पाणी आलं, शिवी गिळली. फळी खिडकीशी नेली. केसाचं टोक चोचीच्या कोपऱ्यात घातलं, मग मानेच्या वळणात, मग पंखाखाली, जिथे सगळ्यांचंच काम उघडं पडतं तिथे. केस दर वेळी वाकला. अर्देशीर श्वास रोखून बायकोकडे नाही, केसाकडे बघत होता. नेमतने फळी उलटी केली, मागून बघितली, परत सुलटी केली.

"ही उस्तादांची फळी."

"हो."

"लाल पक्षी कुठाय?"

तिने शेपूट तुटलेला पक्षी त्याच्या हातात दिला. नेमतने त्याची कड अंगठ्याने चाचपली आणि तोंड उघडंच राहिलं. "उलटी फिरवलीस? उन्नाबची फळी, आणि उलटी फिरवलीस? मुद्दाम?"

मुद्दाम म्हणायची संधी होती. तीसहून जास्त वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस आ वासून बघत होता. 'हो' म्हणाली असती तर सगळ्या गल्लीत नाव झालं असतं. ती म्हणाली, "नाही. चुकले मी."

नेमतने फळी दोन्ही हातांनी बाकावर ठेवली, खाली पडलेला पावाचा तुकडा अदबीने उचलून ठेवावा तशी, आणि अर्देशीरला म्हणाला, "आगा, चहा आणा. कारखान्याचा नियम आहे. म्हणणाऱ्याला चहा." दोरखंड परत खांद्यावर टाकलं. "मशीनला मी हात लावणार नाही. उस्ताद कबरीतून उठून माझ्या कानाखाली वाजवतील."

अर्देशीर चहाला गेला नाही. तो मशीनपाशी गेला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि जिथे पातं वरच्या हाताला अडकतं तिथे बोट ठेवलं. "इथे एक जाळी हवी होती," तो म्हणाला. "तुटलेलं टोक जाळीत अडकलं असतं. साधी पत्र्याची जाळी. चोवीस वर्षांपूर्वी सुचलं होतं मला. म्हटलं, नंतर लावू." त्याने ते बोट मागे घेतलं. "म्हणून मला हे डोळ्यांसमोर नको होतं, फरंगीस. बोट तुझं गेलं, पण..."

"पुढे?" ती म्हणाली. मऊपणे, पण सोडलं नाही.

"चुकलो मी," अर्देशीर म्हणाला.

"हं. आता तुम्हीही चहा प्या. उद्या जाळी लावा."

तो हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम, आणि नेमत खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघत राहिला. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत होते, पाणी बघायला निघालेले लोक एकमेकांना हाका मारत होते. "चला, आपणही जाऊ," फरंगीस म्हणाली, "नेमत आगा, गाडी रिकामीच आहे ना? आम्हाला मागे बसवा." तिने ॲप्रन काढला, फळी चादरीत गुंडाळायला घेतली, आणि थांबली. चादर बाजूला टाकली आणि फळी तशीच उघडी काखेत मारली. पलंगाखालचे दिवस संपले होते तिचे. अर्देशीरने डोळे पुसत त्या पांढऱ्या पक्ष्याकडे बघितलं आणि जुन्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "चला. बला होती, गेली."

"गेली कुठे?" फरंगीसने फळी त्याच्यासमोर धरली. "ही काय. बसवलीय मी तिला. केस घालून बघा."